अंगावरचं यंत्र आणि अंगावर पडलेलं काम



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला हा माणूस मनगटावरच्या यंत्रांबद्दल काय बोलणार? शंका रास्त आहे. ती यंत्रं कशी बनवतात हे सांगणारे माझ्याहून कितीतरी जाणकार आहेत. मला आज त्यांचा इतिहास सांगायचा आहे, आणि त्या इतिहासातून एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. शरीराचं माप घेतलं, आकडा हाती आला. पुढे काय? त्याचा अर्थ कोणी लावायचा, आणि अर्थ लागल्यावर जे करायचं ते कोणी करायचं?

समोर किती जणांच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ आहे? हात वर करा पाहू. बरेच आहेत. आता असं करा, त्या घड्याळानं दाखवलेला एखादा आकडा पाहून ज्यांना काय करावं ते कळलं नाही, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, फारसे हात खाली गेले नाहीत. तर यावरच बोलू.

सुरुवात नाडीपासून करू, कारण मनगटाशी वैद्यकाचं नातं तिथेच जुळलं. आपल्याकडे नाडीपरीक्षा चरक-सुश्रुतांपासून चालत आली असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तिचं पद्धतशीर वर्णन बरंच नंतर, शार्ङ्गधरसंहितेत येतं. तिथे वैद्य नाडीचे ठोके मोजत नाही, तिची चाल ओळखतो. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. यातलं आजच्या कसोटीवर काय टिकेल, हा आजचा विषय नव्हे. मला दाखवायचं आहे ते इतकंच, की इथे माप घेणं आणि अर्थ लावणं या दोन क्रिया वेगळ्या नाहीत. बोट टेकलं तेव्हाच अर्थही लागला. करणारा माणूस एकच आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावरच.

युरोपात १७ व्या शतकाच्या सुरुवातीला ही गाठ सुटायला लागली. पादुआच्या सांतोरिओ नावाच्या वैद्यानं लंबकाचं एक साधन केलं. दोरीला वजन बांधायचं आणि लंबकाची आंदोलनं रोग्याच्या नाडीशी जुळेपर्यंत दोरीची लांबी कमी-जास्त करायची. जुळली की दोरीची लांबी हेच नाडीचं माप! म्हणजे नाडी मिनिटाला ७२ नव्हे, तर अमुक बोटं लांब. मिनिटं दाखवणारं विश्वासू घड्याळ त्या काळी नव्हतंच. याच सांतोरिओनं एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली होती. वर्षानुवर्षं तो स्वतःचं वजन, खाल्लेलं अन्न आणि शरीराबाहेर पडलेलं सगळं तोलत राहिला. आज झोप आणि पावलं मोजणारी जी मंडळी आहेत त्यांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

मग १७०७ साल. इंग्लंडमधल्या लिचफिल्ड गावच्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरानं नाडीच्या घड्याळावर पुस्तक लिहिलं. त्यानं घड्याळजीकडून एक खास घड्याळ करून घेतलं, बरोबर एक मिनिट चालून थांबणारं. आता मिनिटाला किती ठोके, हे कोणालाही मोजता येऊ लागलं. मग सगळ्या डॉक्टरांनी ते लगेच उचललं असेल? छे! पुढची शंभरेक वर्षं बहुतेकांनी मनावरच घेतलं नाही. त्यात आळस असेल, पण खरं कारण वेगळं होतं. ठोके ९६ भरले, तर मग काय? ९६ म्हणजे काय, हे सांगणारं शास्त्र तयार नव्हतं. घड्याळ आलं, पण आकड्याला अर्थ आला नव्हता.

अर्थ येतो कसा, ते थर्मामीटरच्या गोष्टीत दिसतं. उष्णता मोजायची साधनं जुनीच होती. पण लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रोग्यांची तापमानं टिपून, त्यांचे आलेख काढून १८६८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे ताप हा रोग नसून रोगाचं लक्षण आहे आणि निरनिराळ्या रोगांत त्याची वाट निरनिराळी असते, हे डॉक्टरांच्या अंगवळणी पडलं. त्याच सुमारास इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर केला. त्याआधीचे हातभर लांब असत आणि वीस-वीस मिनिटं लावून ठेवावे लागत. तर साधन सुटसुटीत झालं आणि आकड्यालाही अर्थ मिळाला. या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लागला. तो आजही लागतो.

आता हृदयाकडे येऊ. १८६० मध्ये पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी मनगटाला बांधायचं एक उपकरण केलं. नाडीच्या उडीबरोबर एक तरफ हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. मनगटावरच्या यंत्रानं नाडीची नोंद ठेवण्याची ही सुरुवात, आजपासून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची. पुढे हॉलंडमध्ये लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी इसीजीचं यंत्र केलं. हृदयाची सूक्ष्म वीज टिपायला चांदीचा मुलामा दिलेली क्वार्ट्‌झची तार. यंत्राचं वजन साधारण २७० किलो, चालवायला पाच माणसं, आणि रोग्यानं हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. हे यंत्र इस्पितळात नेणं अशक्य. मग आइंटहोवेन यांनी दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातून टेलिफोनच्या तारेनं रोग्याच्या हृदयाची वीज प्रयोगशाळेत आणवली. साल १९०५! घरबसल्या डॉक्टर ही कल्पना मोबाइलबरोबर आली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे साल लक्षात ठेवावं. १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण इसीजीची एक अडचण होती आणि ती मला फार विचार करण्याजोगी वाटते. रोगी स्वस्थ पडून असतो, पंधरा-वीस सेकंदांचा आलेख निघतो. आणि त्याची तक्रार काय असते? ‘डॉक्टर, जिना चढताना धडधडतं.’ ‘रात्री अचानक छातीत लकाकतं.’ म्हणजे हृदय बिघडतं तेव्हा यंत्र जवळ नसतं, आणि यंत्र जवळ असतं तेव्हा हृदय शहाण्यासारखं वागतं.

ही अडचण सोडवली ती डॉक्टरनं नव्हे, नॉर्मन होल्टर या भौतिकशास्त्राच्या माणसानं. अमेरिकेत मोंटाना राज्यातलं हेलेना हे त्याचं गाव. युद्धाच्या काळात नौदलासाठी त्यानं समुद्राच्या लाटांचा अभ्यास केला होता. १९४७ मध्ये गावातच छोटी संशोधनसंस्था काढली आणि १९४९ च्या सुमारास एक यंत्र तयार केलं. काम करत असलेल्या माणसाचा इसीजी रेडिओलहरींनी दूर पाठवायचा. यंत्र पाठीवर घ्यायचं आणि त्याचं वजन ३८ किलो! सिमेंटच्या पोत्याहून थोडंच कमी. ते पाठीवर घेऊन होल्टर स्वतः जागेवरच्या सायकलीवर बसत. पण कल्पना बघा: माणसाला यंत्राकडे न्यायचं सोडून यंत्रानं माणसाबरोबर जगायचं. ट्रान्झिस्टर आले, टेप रेकॉर्डर आले, पोतं आकसत गेलं, आणि १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात होल्टरचा लेख आला. आज आपले डॉक्टर ‘होल्टर लावून बघू’ म्हणतात, ते या गृहस्थाचं नाव.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे. माणसाचं हृदय दिवसाला लाखभर वेळा पडतं-उठतं. दिवसभराची नोंद झाली खरी, पण ती वाचणार कोण? दिवसभर नोंदवलेलं वाचायला दिवसभर लागायचं! हे होल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्यांनी नोंद साठपट वेगानं पडद्यावर पळवायची सोय केली. ठोके एकावर एक येतात, आणि एखादा वेगळा असला की नजरेला खुपतो. चोवीस तास चोवीस मिनिटांत. अंगावरचं यंत्र करणाऱ्या पहिल्याच माणसानं वाचणाऱ्याचीही सोय केली, हे मला त्याचं मोठेपण वाटतं. मोजणं सोपं झालं म्हणून अर्थ लावण्याचं काम संपत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतं. होल्टरला हे ठाऊक होतं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट मिनियापोलिसची. तिथे डॉक्टर लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत. काही मुलांचं हृदय त्यानंतर नीट ठोके देईना, म्हणून बाहेरून विजेचे सूक्ष्म धक्के देत राहावं लागे. पेसमेकर गाड्यावर ठेवलेला आणि भिंतीतल्या प्लगला जोडलेला. वायर पोचेल तिथवरच मुलानं फिरायचं. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली. त्या मुलांच्या जिवाला किती घोर लागला असेल, कल्पना करा. लिलेहाय यांनी अर्ल बॅकन या तंत्रज्ञाला बोलावलं. बॅकननं एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात मेट्रोनोमचा, म्हणजे संगीतातला ताल देणाऱ्या यंत्राचा, ट्रान्झिस्टरचा नकाशा पाहिला होता. तोच थोडा बदलून त्यानं महिन्याभरात तळहाताएवढा, बॅटरीवर चालणारा पेसमेकर केला, गळ्यात अडकवता येईल असा. प्रयोगशाळेत एका प्राण्यावर तो चालला, आणि दुसऱ्या दिवशी बॅकन येऊन पाहतात तो एका मुलाच्या छातीवर तो बांधलेलाही होता.

होल्टर आणि बॅकन, दोघांची यंत्रं अंगावरचीच. पण एक सांगतं, दुसरं करतं. जे करतं त्याच्याविषयी फारसा वाद होत नाही, कारण त्याचा उपयोग डोळ्यांपुढे असतो. जे नुसतं सांगतं, त्याच्या सांगण्याचं पुढे काही झालं तरच त्याला अर्थ. आपल्या मनगटावरचं घड्याळ या दुसऱ्या जातीचं आहे.

त्या घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा तुम्ही पाहिला असेल. कातडीवर उजेड टाकायचा आणि परतून किती येतो ते मोजायचं. रक्ताची लाट आली की उजेड जास्त शोषला जातो, ओसरली की कमी. अशी नाडी कळते. ऑक्सिमीटरचा जन्मही याच तत्त्वातून झाला, आणि तो मोठा गमतीदार आहे. जपानचे ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून उजेड पाठवून हृदय किती रक्त फेकतं ते मोजू पाहत होते. त्यात नाडीच्या लाटा मध्ये मध्ये येऊन मोजणी बिघडवत. त्या घालवण्यासाठी त्यांनी दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश वापरून पाहिले. तेव्हा लक्षात आलं, की या लाटांतच धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनची बातमी आहे. जो अडथळा म्हणून काढून टाकायचा होता, तोच कामाचा निघाला. हे १९७४ चं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले, ८४ व्या वर्षी, ऐन कोविडच्या साथीत, जेव्हा जगभर लोक त्यांचं यंत्र बोटाला लावून बसले होते.

आपणही बसलो होतो. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आठवते? सप्टेंबर २०२० मध्ये आरोग्यसेविका, आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन तापमान आणि ऑक्सिजन तपासत होते. पुढच्या लाटेत तर घरोघरी ऑक्सिमीटर आला. सहा मिनिटं चाला, पुन्हा बोटाला लावा, ९४ च्या खाली गेलं तर कळवा. विज्ञान न शिकलेल्या आजीलाही ९४ पाठ झाला. का झाला? कारण त्या आकड्याबरोबर अर्थ आला होता, आणि अर्थाबरोबर कृतीही. कोणाला फोन करायचा, कुठे जायचं, हे ठरलेलं होतं. खाट मिळायची की नाही हा प्रश्न वेगळा, आणि त्या दिवसांत तो फार दुःखाचा होता. पण आकड्याचं काय करायचं, हे कोड्यात टाकणारं नव्हतं.

याच यंत्राचा एक धडाही लक्षात ठेवायला हवा. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन खरं तर ८८ च्याही खाली होता, असे प्रसंग गोऱ्या रोग्यांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघाले. उजेड कातडीतून जातो, आणि कातडीचा रंग मध्ये येतो. यंत्र कोणाला समोर ठेवून जुळवलं, हेही त्या आकड्यात दडलेलं असतं. कातडीचे इतके रंग असलेल्या आपल्या देशात हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

आता अलीकडे येऊ. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या घड्याळात इसीजी आला. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठानं त्या घड्याळाचा मोठा अभ्यास केला. माणसं ४,१९,२९७. घड्याळानं नाडी अनियमित असल्याचा इशारा दिला तो २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के. पासष्ट आणि त्यापुढच्यांत हे प्रमाण ३.१ टक्के, चाळिशीच्या आतल्यांत ०.१६ टक्के. इशारा मिळालेल्यांना इसीजीची पट्टी टपालानं पाठवली. ज्या ४५० जणांच्या पट्ट्या तपासता आल्या, त्यांतल्या ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तो हा विकार. त्यानं रक्ताच्या गाठी होऊ शकतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

मग उरलेल्या ६६ टक्क्यांना घड्याळ खोटं बोललं का? तसं म्हणता येत नाही, कारण हा विकार येतो-जातो, आणि पट्टी काही दिवसांनी लागली. पण त्या माणसाच्या बाजूनं पाहा. घड्याळ म्हणालं, काहीतरी बिघडलंय. पट्टी म्हणाली, काही सापडलं नाही. त्यानं झोपायचं कसं?

तर्कशास्त्र शिकवताना मी फळ्यावर एक हिशेब मांडत असे. आकडे कल्पित आहेत, हिशेब खरा आहे. धरून चाला, १०,००० तरुणांत एखादा विकार १० जणांना आहे. तपासणी खऱ्या रोग्याला कधी चुकवत नाही, आणि निरोग्यांपैकी शंभरात एकालाच चुकून रोगी म्हणते. किती छान तपासणी! पण इशारा मिळेल ११० जणांना. दहा खरे, शंभर उगाच घाबरलेले. हीच तपासणी जिथे विकार मुळात जास्त आहे अशा वृद्धांत केली, तर पारडं फिरतं. म्हणजे आकड्याचा अर्थ यंत्रात नसतो, तो तपासल्या जाणाऱ्या माणसाच्या वयात, आजारांत, परिस्थितीत असतो. म्हणूनच ‘माझा आकडा किती’ याबरोबर ‘मी कोण’ हेही विचारावं लागतं.

आणि समजा, विकार खरोखरच सापडला. तरी काम संपलं का? डेन्मार्कमध्ये सत्तर ते नव्वद वयाच्या, पक्षाघाताचा धोका असलेल्या सुमारे ६,००० लोकांचा अभ्यास झाला. काहींच्या कातडीखाली सतत नोंद ठेवणारं यंत्र बसवलं, बाकीच्यांची नेहमीसारखी देखभाल केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. यंत्रवाल्यांत विकार सापडला ३१.८ टक्क्यांना, बाकीच्यांत १२.२ टक्क्यांना. सापडलेल्या बहुतेकांना रक्तात गाठी होऊ नयेत म्हणून औषधं सुरू झाली. आणि पक्षाघात? यंत्रवाल्यांत ४.५ टक्के, इतरांत ५.६. फरक दिसतो, पण योगायोगानं पडला नाही असं खात्रीनं म्हणावं इतका मोठा नाही. अडीचपट शोधलं म्हणून अडीचपट वाचवलं, असं झालं नाही. यंत्रानं पकडलेले सगळेच थरथराट सारखे घातक नसावेत, असा विचार त्यातून पुढे आला. वुंडरलिश यांनी तापाचं जे केलं, ते या नव्या आकड्यांचं अजून व्हायचं आहे. आपण फ्लॉयरच्या काळात आहोत. घड्याळ हातात आलं आहे, अर्थ वाटेत आहे.

याचा अर्थ घड्याळं काढून ठेवा असा मुळीच घेऊ नका. माझ्या मनगटावरही आहे, लेकीनं आणून दिलेलं, आणि मी ते रोज घालतो. मधुमेह असलेल्या ज्या मुलाला दिवसातून अनेकदा बोट टोचून घ्यावं लागे, त्याच्या दंडावरचा शुगरचा सेन्सर हे फार मोठं सुख आहे. आकडा दिसला की इन्सुलिन किती घ्यायचं किंवा काय खायचं, हे त्या घराला शिकवलेलं असतं. तिथे आकडा, अर्थ आणि कृती यांची गाठ पक्की आहे. माझा आग्रह इतकाच आहे, की ती गाठ आहे की नाही हे प्रत्येक यंत्राच्या बाबतीत पाहावं.

उदाहरणार्थ, रोजची दहा हजार पावलं. ती कुठून आली? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं माप’ अशा अर्थाचं होतं. म्हणजे ते विकण्यासाठी ठेवलेलं सुटसुटीत नाव. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास आला, सरासरी वय ७२. रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्या स्त्रिया २,७०० चालणाऱ्यांपेक्षा कमी दगावल्या, आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ वाढायचा थांबला. तेव्हा आजोबा, रात्री साडेदहा वाजता दहा हजार भरत नाहीत म्हणून दिवाणखान्यात येरझाऱ्या घालू नका. आजी झोपल्या आहेत.

(हशा)

शेवटी ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते सांगतो. पूर्वी वैद्याचं बोट माप घेई, अर्थ लावी आणि उपायही सांगे. तीनशे-चारशे वर्षांत माप घेणं त्या बोटातून सुटलं. ते दोरीत गेलं, घड्याळात गेलं, पाठीवरच्या पोत्यात गेलं आणि आता मनगटावर आलं. अर्थ लावण्याचं काम मात्र कुठे जायचं ते ठरलं नाही. सध्या ते रात्री दोन वाजता जाग्या झालेल्या एकट्या माणसावर पडतं. घड्याळ विकणारा म्हणतो, ‘डॉक्टरांना विचारा.’ डॉक्टरांच्या दारात पन्नास माणसं बसलेली. परदेशातला मुलगा म्हणतो, ‘बाबा, घड्याळ घाला म्हणजे मला काळजी नाही.’ काळजी गेली कुठे? ती बाबांच्या मनगटावर आली.

म्हणून अंगावर नवं यंत्र घालण्याआधी घरात आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. हे काय मोजणार आहे, माझ्या वयाला आणि आजाराला त्याचा अर्थ काय, किती आकड्याला फोन करायचा आणि कोणाला? कागदावर लिहा, फ्रीजवर लावा. ज्या आकड्याबद्दल हे ठरवता येत नाही, तो रोज बघायची गरज नाही. आणि छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, हात उचलत नसेल, तर घड्याळ काय म्हणतं याची वाट पाहू नका. ते ‘सगळं ठीक’ म्हणत असलं तरी इस्पितळ गाठा.

प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत. आधी मागच्या रांगेतल्या ताईंचा प्रश्न घेऊ.